कोर-दोन

तार्तूच्या वाचनालयाच्या तळघरात, बॉयलरला लागून,
एक मशीन आहे. नऊ डोमेन त्यावर नांदतात.
मधमाश्या पाळणारे. एक बुद्धिबळ मंडळ.
बंद पडलेल्या कापडगिरणीतले निवृत्त कामगार.
आणि असे एक्केचाळीस जण, ज्यांचं नेमकं काय चालतं
हे हिल्लरलाही ठाऊक नाही;
वर्षातून एकदा ते एकमेकांना लिहितात,
"अजून आहोत."

एका छपराखाली नऊ चुली, मी म्हणालो होतो.
चूल म्हणजे काय ते त्याला समजावण्यात जेवणाची सुट्टी गेली.
मग म्हणाला, चूल एकच रे. भांडी नऊ.
धग बसते ती मला.

जुन्या प्रणालीचा एक हट्ट होता.
ॲटच्या उजवीकडे कुठलंही गाव असो,
डावीकडचं नाव साऱ्या मशीनवर एकदाच.
शेजारच्या घरात बाळू असेल
तर तुमच्या पोराचं नाव बाळू ठेवायचं नाही.

व्होरूच्या बायकांनी आधी येऊन नाव घेतलं: कोर.
त्यांच्या भाषेत कोर म्हणजे मिळून गाणाऱ्यांचा मेळा.
मला आधी चंद्राची आठवली, मग भाकरीची.
सहा वर्षांनी हीउमा बेटावरून मागणी आली,
तेही गाणारे, त्यांनाही तेच नाव हवं.
हिल्लरने त्यांना आतून कोर-दोन केलं,
बाहेर पाटी कोरचीच ठेवली
आणि सारणीत मधे एक ओळ टाकली:
बेटाचं आलं तर बेटाकडे.

नोव्हेंबरात मशीन बदललं. सारणी त्याने हाताने उतरवली.
चारशे बारा ओळी. उतरल्या चारशे अकरा.

त्याच आठवड्यात बेटावरून वाइकेने लिहिलं:
"साल्मे गेली. शनिवारी दोनला दफन.
वरचे आवाज कमी पडतील. जमेल त्यांनी यावं."

पत्र व्होरूला गेलं, अठ्ठावीस घरी.
साल्मे कोण, कुणालाच माहीत नव्हतं.
पण प्रत्येकीला वाटलं, बाकीच्यांना माहीत असणार,
आणि मेलेल्या माणसाबद्दल "ही कोण?" असं
विचारायचं कसं?
मिल्वीने बस ठरवली. एकोणीस जणी निघाल्या,
पाच तास रस्ता, मग फेरीबोट,
डेकवर थर्मासमधली कॉफी, आणि त्या वाटेतही
कुणी विचारलं नाही.

बेटावरच्यांना पत्र मिळालंच नव्हतं.
त्यांना लागतंय कशाला पत्र?
दुकानात पाव घेताना कळतं तिथे कोण गेलं ते.
तेही सगळे आलेले.

गाणं एकच, पण चाल दोघांची किंचित वेगळी.
तिसऱ्या कडव्याला व्होरूच्या आधी संपल्या
आणि थांबून राहिल्या, बेट येईपर्यंत.
वारा होता. वाइकेचा कागद खड्ड्यात पडला,
तो कुणी काढला नाही.

सोमवारी हिल्लर नोंदवही उघडून बसला.
त्या पत्रापुढे अठ्ठावीस वेळा लिहिलेलं: पोहोचलं.
पोहोचलं. पोहोचलं.
बराच वेळ तो काही बोलला नाही,
मग बॉयलरला लाथ मारली, जी तो एरवीही मारतो,
आणि राहिलेली ओळ लिहिली.

आता तर प्रणालीच नवी आहे. एका मशीनवर
एकाच नावाची हवी तेवढी घरं चालतात,
कुणाचं कुणाकडे जात नाही.

काल सकाळी कोर-दोनच्या दारात
एकोणीस अर्ज अडकलेले दिसले, सगळे व्होरूचे.
"सभासद का व्हायचं आहे?" हा रकाना
अठरा जणींनी कोरा सोडलाय.
मिल्वीने लिहिलंय:
पुढच्या वेळी ओळखीचं कुणी असावं म्हणून.